जखडलेला खांदा : समज, उपचार आणि थोडा स्वानुभव

स्मरणिकेसाठी आरोग्यविषयक लेख लिहावा, असे संपादक मंडळाने सुचविले, तेव्हा माझा विषय लसीकरण किंवा बालकांचा आहार असणार असे त्यांनी गृहीत धरले असावे. गेली पंचवीसहून अधिक वर्षे मी बडोद्यात लहान मुलांवर उपचार करीत असल्याने ते रास्तच होते. तरीही मी निवडलेला विषय मुलांना जवळजवळ कधीच न होणाऱ्या विकाराचा आहे. या विकाराला आपण बोलताना ‘खांदा धरला’, ‘खांदा आखडला’ असे म्हणतो आणि डॉक्टर मंडळी ‘फ्रोझन शोल्डर’ म्हणतात. एम.डी.च्या अभ्यासात या विकाराशी माझा संबंध आला नव्हता. तो मी शिकले माझ्याच डाव्या खांद्यावर, आणि शिकताना डॉक्टरने करू नयेत अशा बहुतेक चुका केल्या. त्या चुका टाळता येण्याजोग्या होत्या, म्हणूनच हा लेखनप्रपंच.

दुखणे सुरू झाले तेव्हा

जानेवारी २०२२. उत्तरायण आणि वासी उत्तरायण असे दोन दिवस बडोद्यातली सारी घरे गच्चीवर असतात, आमचेही होते. मुले पतंग उडवीत होती आणि फिरकी माझ्या हातात होती. त्यानंतरच्या आठवड्यात डावा खांदा ठणकू लागला. ‘दोन दिवस हात अवघडला, त्यामुळे भरून आला असेल’ असे निदान मीच केले आणि वेदनाशामक गोळ्याही मीच मला दिल्या. फेब्रुवारीत दुखण्याने रात्र धरली. डाव्या कुशीवर वळले की जाग येई. मोटारीच्या मागच्या आसनावरची पिशवी घेण्यासाठी हात मागे नेला, तर खांद्यापासून दंडाच्या मध्यापर्यंत अशी कळ जाई की क्षणभर काही सुचत नसे. मार्चमध्ये अंबाडा घालणे जमेनासे झाले. क्ष-किरण चित्र काढले. ते निर्दोष निघाले. ‘हाड ठीक आहे’ एवढ्यावर मी समाधान मानले.

घरातल्यांच्या आग्रहावरून एका मालिश करणाऱ्या गृहस्थांकडेही जाऊन आले. ‘एकदा मोकळा करून देतो’ असे म्हणून त्यांनी हात धरून जोराने वर नेला. पुढच्या दोन रात्री मी खुर्चीत बसून काढल्या.

एप्रिलमधील एका सकाळी दवाखान्यात चार महिन्यांचे बाळ वजनकाट्यावरून उचलत असताना ते एकदम वळले. त्याला सावरण्यासाठी माझा डावा हात झटकन बाहेर गेला, तीव्र कळ आली आणि हातातली ताकदच गेली. बाळाची आई शेजारीच उभी होती. तिने त्याला वरचेवर झेलले, म्हणून काही इजा झाली नाही. ती माउली उलट मलाच विचारू लागली, ‘मॅडम, तमने वाग्युं तो नथी ने?’ मला लागले नव्हते, पण हातपाय गार पडले होते. तीन महिने ज्या दुखण्याला मी क्षुल्लक म्हणत होते, त्याची किंमत दुसऱ्याच्या बाळाला मोजावी लागली असती. त्याच संध्याकाळी मी आमच्या अस्थिरोगतज्ज्ञ सहकाऱ्यांकडे गेले.

एका मिनिटाची तपासणी

त्यांनी मला बसविले, दोन्ही कोपरे कुशीला टेकवून काटकोनात वाकवायला सांगितली आणि पंजे बाहेरच्या बाजूस वळवायला सांगितले. उजवा हात सहज साठ अंशांपर्यंत उघडला. डावा जेमतेम दहा अंशांवर थांबला. मग मी हात सैल सोडला आणि त्यांनी स्वतः तो हळूच वळवून पाहिला. तरीही तो त्याच जागी अडला. ‘मॅडम, हा फ्रोझन शोल्डर. साखर शेवटची कधी तपासली होती?’

या तपासणीतील दोन गोष्टी सामान्य वाचकांनीही समजून घ्याव्यात. खांदे दुखण्याची कारणे अनेक असतात. स्नायूची दोरी, म्हणजे टेंडन, दुखावली किंवा फाटली असेल, तर रुग्णाला स्वतः हात उचलता येत नाही, परंतु दुसऱ्याने आधार देऊन उचलला तर तो बहुधा वर जातो. जखडलेल्या खांद्यात सांध्याचे आवरणच आवळलेले असते. म्हणून रुग्णाने हलविला काय किंवा डॉक्टरांनी हलविला काय, हात एकाच ठिकाणी अडतो. आणि सर्वांत आधी व सर्वांत जास्त कमी होते ती कोपर कुशीला ठेवून हात बाहेर वळविण्याची हालचाल. ही हालचाल दोन्ही प्रकारे अडलेली आणि क्ष-किरण चित्र निर्दोष, एवढ्यावर बहुतेक वेळा निदान होते. एम.आर.आय.ची गरज प्रत्येकाला नसते. क्ष-किरण चित्र मात्र पाहावे. सांध्याची झीज, निखळलेला सांधा किंवा हाडाची गाठ यांनीही हीच हालचाल अडते, आणि ती त्या चित्रात दिसतात. मी चित्र काढले, पण हात वळवून पाहिला नाही. अर्धी तपासणी करून पूर्ण समाधान मानले, ही माझी पहिली चूक.

आत नेमके काय घडते?

खांदा हा शरीरातील सर्वाधिक फिरणारा सांधा. दंडाच्या हाडाचा मोठा गोल माथा खांद्याच्या पात्याच्या लहान, उथळ खोबणीला टेकलेला असतो. त्याभोवती एक पातळ, सैलसर आवरण असते. त्याला कॅप्सूल म्हणतात. हात खाली सोडलेला असताना हे आवरण काखेच्या बाजूला चुणीसारखे लोंबते. हात वर नेला की ती चुणी उलगडते. परकराला चुण्या असल्या तरच ढांग टाकता येते, तसेच हे आहे.

फ्रोझन शोल्डरमध्ये प्रथम या आवरणाच्या अस्तराला दाह होतो, नवीन रक्तवाहिन्या व मज्जातंतू वाढतात, त्यामुळे वेदना. त्यानंतर तेथे तंतुपेशी वाढून दाट कोलॅजेन साठू लागते. आवरण जाड होते, आक्रसते, खालची चुणी नाहीशी होते. सांध्याच्या पुढच्या वरच्या कोपऱ्यातील कोराकोह्युमरल अस्थिबंध आवळला जातो आणि हात बाहेर वळणे थांबते. निरोगी खांद्याच्या पोकळीत सर्वसाधारणपणे वीस मिलिलिटरहून अधिक द्रव सहज मावतो; जखडलेल्या खांद्यात दहा मिलिलिटरही मावेनासा होतो. तळहाताची बोटे आत ओढली जाणाऱ्या ड्युपुट्रेन विकारात जशा पेशी दिसतात, तशाच येथेही दिसतात. दोन्ही विकार मधुमेहींत अधिक आढळतात, हा केवळ योगायोग नव्हे.

ही समज यायला बराच काळ लागला. फ्रेंच शल्यविशारद ड्युप्ले यांनी १८७२ मध्ये अशा खांद्यांचे वर्णन केले आणि दोष सांध्याभोवतीच्या भागाला दिला. बोस्टनचे शल्यविशारद कॉडमन यांनी १९३४ मध्ये ‘फ्रोझन शोल्डर’ हे नाव रूढ केले, आणि हा विकार व्याख्येलाही अवघड, समजवायलाही अवघड, अशी प्रांजळ कबुलीही दिली. १९४५ मध्ये अमेरिकेतील नेव्हिआझर यांनी दोष आवरणात असल्याचे दाखवून ‘अ‍ॅड्हेसिव्ह कॅप्सुलायटिस’ हे नाव दिले. पुढे दुर्बिणीतून सांधा पाहता येऊ लागल्यावर असे दिसले की आवरण हाडाला चिकटण्यापेक्षा ते स्वतःच आक्रसते, हे महत्त्वाचे. जपानी भाषेत या दुखण्याचे लोकनाम ‘गोजूकाता’, म्हणजे पन्नाशीचा खांदा. मला ते नाव सर्वांत अचूक वाटते. मी तेव्हा बावन्न वर्षांची होते.

कोणाला होतो?

चाळीस ते साठ या वयात, पुरुषांपेक्षा स्त्रियांत थोडा अधिक. सर्वसाधारण लोकसंख्येत त्याचे प्रमाण शेकडा दोन ते पाच असे धरले जाते. मधुमेहींत ते याच्या कित्येक पटींनी अधिक असते, आणि त्यांच्यात विकार अधिक चिवट असतो. थायरॉइडच्या विकारांतही त्याचे प्रमाण वाढते. खांद्याला दुखापत, स्तनाची किंवा हृदयाची शस्त्रक्रिया, पक्षाघात, हात गळ्यात बांधून ठेवावा लागलेले अस्थिभंग, अशा कारणांनी हात बराच काळ हलला नाही तरी खांदा जखडतो. अनेकांत मात्र कोणतेही कारण सापडत नाही. रुग्ण काहीतरी कारण शोधतोच. कोणी पंख्याचा वारा म्हणतो, कोणी उशी, कोणी लस. दंडावरचे इंजेक्शन फार वर, खांद्याच्या अगदी जवळ दिले गेल्यास खांदा दुखावू शकतो, हे खरे आहे. पण ते क्वचित, आणि मग दुखणे लगेच एकदोन दिवसांत सुरू होते. मी पतंगाला दोष दिला होता. खरे कारण, निदान खरा साथीदार, रक्तात होता.

माझ्या आईला पन्नाशीतच मधुमेह जडला होता. तरीही मी चार वर्षे स्वतःची साखर तपासली नव्हती. दुसऱ्या दिवशी अहवाल आला : एचबीए१सी ७.९. दिवसभर इतरांच्या मुलांची वाढ, वजन, रक्त तपासणाऱ्या मला माझा मधुमेह एका खांद्याने दाखवून दिला. ही दुसरी चूक; आणि वाचकांतील डॉक्टरांना हात जोडून विचारते, आपण आपली साखर शेवटची कधी तपासली?

तीन टप्पे

हा विकार साधारणतः तीन टप्प्यांतून जातो. पहिला दुखण्याचा. तो दोन ते नऊ महिने चालतो. रात्रीची वेदना हे त्याचे मुख्य लक्षण, आणि हालचाल हळूहळू कमी होत जाते. दुसरा जखडण्याचा, चार ते बारा महिने. वेदना उतरते, पण खांदा घट्ट होतो. केस विंचरणे, पाठ चोळणे, फळीवरचा डबा काढणे, पोलक्याचे मागचे बंद लावणे अशी कामे अडतात. तिसरा सुटण्याचा, त्याला काही महिन्यांपासून दोन वर्षांपर्यंत वेळ लागतो. एकूण हिशेब एक ते तीन वर्षांचा. टप्प्यांच्या सीमा काटेकोर नसतात.

‘हा आपोआप बरा होतो, काही करू नका’ असे पूर्वी सांगितले जाई. ते अर्धसत्य आहे. बहुतेकांचा खांदा कामापुरता नक्की सुटतो. परंतु अनेक वर्षे पाठपुरावा केलेल्या अभ्यासांत बऱ्याच रुग्णांना थोडे दुखणे वा थोडा आखडलेपणा उरल्याचे आढळले आहे. त्याच खांद्याला पुन्हा विकार होणे क्वचित. दुसऱ्या खांद्याला मात्र पुढील काही वर्षांत काही जणांना होतो.

टप्पे एवढ्यासाठी समजून घ्यायचे, की उपचार टप्प्याप्रमाणे बदलतात. पहिल्या टप्प्यात जोर केला तर दाह भडकतो. दुसऱ्या टप्प्यात हात जपून ठेवला तर आवरण तसेच आवळलेले राहते. मी पहिल्या टप्प्यात जोराचे मालिश करून घेतले होते. ही तिसरी चूक.

उपचार

*वेदना आधी.* दुखणाऱ्या टप्प्यात पॅरासिटामॉल किंवा वेदनाशामक गोळ्या वैद्यकीय सल्ल्याने घ्याव्यात. मधुमेह, रक्तदाब, मूत्रपिंडाचे विकार किंवा जठरव्रण असलेल्यांनी त्या स्वतःच्या मनाने महिनोन् महिने घेऊ नयेत. झोपताना दुखऱ्या बाजूच्या दंडाखाली व कोपराखाली उशी ठेवावी. उताणे किंवा निरोगी कुशीवर, हात उशीवर ठेवून झोपावे. दहा-पंधरा मिनिटांचा शेक व्यायामापूर्वी बरा वाटतो. गळ्यात झोळी बांधून हात अडकवून ठेवू नये.

*सांध्यातील इंजेक्शन.* पहिल्या टप्प्यात, जितक्या लवकर तितके उपयोगी, असे साधन म्हणजे सांध्यात दिलेले स्टेरॉइडचे इंजेक्शन. स्टेरॉइड हा शब्द ऐकून पुष्कळ लोक बिचकतात. सांध्यात दिलेली एखाददुसरी मात्रा आणि महिनोन् महिने तोंडावाटे घेतलेले स्टेरॉइड यांत महदंतर आहे. २०२० साली प्रसिद्ध झालेल्या, अनेक चाचण्या एकत्र करून केलेल्या एका विश्लेषणात असे दिसले की पहिल्या काही आठवड्यांत वेदना व हालचाल या दोन्हींत सांध्यातील इंजेक्शन अन्य साध्या उपायांपेक्षा सरस ठरते, आणि त्याला घरच्या व्यायामाची जोड दिल्यास लाभ वाढतो. वर्षभरानंतर हा फरक फारसा उरत नाही. म्हणजे इंजेक्शन विकार मुळापासून नाहीसा करीत नाही, पण सर्वांत वाईट महिने सुसह्य करते. संसर्ग होण्याचा धोका अत्यल्प असतो. मधुमेहींची साखर पुढचे काही दिवस वाढते. तेव्हा ती रोज तपासावी आणि औषधे आपल्या डॉक्टरांना विचारून जुळवून घ्यावीत. साखर फारच वाढलेली असेल तर आधी ती आटोक्यात आणून मग इंजेक्शन घेणे शहाणपणाचे. काही ठिकाणी त्यासोबत सलाईन भरून आवरण आतून ताणतात. त्याला हायड्रोडायलेटेशन म्हणतात. वेदना फार असल्यास सुप्रास्कॅप्युलर मज्जातंतू बधिर करण्याचाही उपयोग होतो.

*व्यायाम.* व्यायाम किती आणि कसा, यावर नेदरलँड्समध्ये झालेला, २००४ साली प्रसिद्ध झालेला एक अभ्यास मला फार बोलका वाटतो. त्यात ७७ रुग्ण होते. एका गटाला वेदना सोसूनही जोराने ताणण्याचा व्यायाम दिला. दुसऱ्याला विकार समजावून सांगितला, वेदनेच्या मर्यादेत हात वापरायला आणि हलके व्यायाम करायला सांगितले. दोन वर्षांनी दुसऱ्या गटातील ८९ टक्के रुग्णांचा खांदा जवळपास पूर्ववत् होता. पहिल्या गटातील ६३ टक्क्यांचा. ‘दुखले तरी रेटा, त्याशिवाय सुटणार नाही’ या आपल्याकडच्या सर्वमान्य सल्ल्याला याहून चांगले उत्तर नाही.

पुढील व्यायाम फिजिओथेरपिस्टकडून एकदा प्रत्यक्ष शिकून घ्यावेत. एक, टेबलाला निरोगी हाताचा आधार देऊन पुढे वाकावे, दुखरा हात सैल सोडावा आणि लंबकासारखा लहान वर्तुळात फिरू द्यावा. दोन, दोन्ही कोपरे कुशीला टेकवून हातात आडवी काठी धरावी व निरोगी हाताने काठी ढकलून दुखरा हात हळूहळू बाहेर वळवावा. तीन, उताणे झोपून निरोगी हाताने दुखऱ्या हाताचे मनगट धरून डोक्याच्या दिशेने न्यावे. चार, भिंतीवर बोटांनी चढत जावे. आज कुठवर पोहोचलो, तेथे पेन्सिलीची खूण करावी. पाच, हा सुटण्याच्या टप्प्यासाठी : पंचा पाठीमागे तिरपा धरून वरच्या हाताने खालचा हात वर ओढावा. प्रत्येक प्रकार पाच-सात वेळा, दिवसातून तीन-चारदा. आठवड्यातून दोनदा तासभर करण्यापेक्षा रोज चार वेळा पाच मिनिटे करणे कितीतरी हितावह. ताण जाणवावा, कळ येऊ नये. व्यायामानंतर दुखणे अर्ध्या तासात उतरले तर मात्रा बरोबर. रात्रभर राहिले तर दुसऱ्या दिवशी कमी करावे.

*भूल देऊन हालचाल आणि शस्त्रक्रिया.* सहा महिने किंवा अधिक काळ नेटाने उपचार करूनही खांदा घट्टच असेल, तर भूल देऊन डॉक्टर तो काळजीपूर्वक मोकळा करतात, किंवा दुर्बिणीतून आवरण कापून सैल करतात. इंग्लंड-स्कॉटलंडमधील रुग्णालयांत ५०३ रुग्णांवर झालेल्या व २०२० मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत हे दोन्ही उपाय आणि इंजेक्शनसह शिस्तबद्ध फिजिओथेरपी यांची तुलना झाली. वर्षअखेर तिन्ही गट बरेच सुधारले. कोणताही उपाय इतरांपेक्षा रुग्णाला जाणवेल इतका सरस ठरला नाही. गंभीर गुंतागुंती थोड्याच झाल्या, पण त्यांतील बहुतेक दुर्बिणीच्या शस्त्रक्रियेच्या गटात होत्या. म्हणून साध्या उपायांना पुरेसा अवधी द्यावा. शस्त्रक्रिया निवडक रुग्णांसाठी ठेवावी.

प्रत्येक दुखरा खांदा ‘फ्रोझन’ नसतो

निदान स्वतः करून गोळ्या घेत राहण्याचा धोका येथे आहे. डाव्या खांद्यात चालताना वा जिना चढताना दुखणे येऊन थांबल्यावर जात असेल, घाम किंवा धाप असेल, तर आधी हृदय तपासावे. ताप, वजन घटणे, खांदा सुजणे-लाल होणे, हाताला मुंग्या किंवा ताकद जाणे, पूर्वी झालेला कर्करोग, यांपैकी काही असल्यास विलंब करू नये. फुप्फुसाच्या टोकाला झालेली गाठही खांद्यात दुखते. फिट येऊन गेल्यावर खांदा अडला, तर तो मागच्या बाजूला निखळलेला असू शकतो, आणि हे समोरून काढलेल्या चित्रात सहज सुटते. आपल्या देशात क्षयाचाही विचार हवा. खांद्याच्या क्षयाचा एक ‘कोरडा’ प्रकार पू वा सूज न दाखविता सांधा आखडवतो आणि स्नायू सुकवतो.

बालरोगतज्ज्ञ म्हणून आणखी एक. लहान मुलाने खांदा हलवणे थांबविले तर ‘फ्रोझन शोल्डर’ हे उत्तर नव्हेच. सांध्यात पू, हाडाचा संसर्ग, गळपट्टीच्या हाडाचा भंग, किंवा कोणी न सांगितलेली इजा, यांचा शोध घ्यावा. ताप असून बाळ हात हलवीत नसेल, तर ती तातडीची बाब आहे. एक-दोन दिवसही थांबता येत नाही.

आयांना दिलेला सल्ला

काही नवजात बाळांच्या जन्माच्या वेळी खांदा अडून मानेतून हाताकडे जाणाऱ्या मज्जातंतूंना ताण बसतो. त्याला एर्ब्ज पाल्सी म्हणतात. असा हात कुशीला पडून आत वळलेला राहतो. मज्जातंतू सुधारेपर्यंत सांधा आखडू नये म्हणून सुरुवातीचे काही दिवस गेल्यावर मी आईला एक हालचाल शिकविते : बाळाचे कोपर कुशीला धरा, हळूच पंजा बाहेर वळवा, क्षणभर थांबा, सोडा, प्रत्येक लंगोट बदलताना. ‘जोर लावायचा नाही आणि एकही वेळ चुकवायची नाही’ हे माझे ठरलेले वाक्य.

काठीचा दुसरा व्यायाम करताना एके दिवशी लक्षात आले, की मी तीच हालचाल करते आहे. माझ्या हाताची हरवलेली हालचाल आणि मी शेकडो आयांना जपायला शिकविलेली हालचाल एकच होती. विशीतली, टाके ओले असलेली, रात्रीची झोप नसलेली मुलगी जे दिवसातून दहादा निमूट करते, ते मला दिवसातून चारदा जमत नव्हते. सुरुवातीला मी आठवडाभर टाळी आणि रविवारी भरून काढण्यासाठी जोर करी. त्या दिवसापासून मी रुग्ण तपासणीच्या मध्ये काठी टेबलाशेजारी ठेवू लागले. दर पाच-सहा बाळांनंतर एकदा, असा माझा ‘लंगोट बदलण्याचा’ हिशेब ठरला.

मे २०२२ मध्ये इंजेक्शन घेतले. पहिले चार दिवस उपाशीपोटीची साखर वाढली, मग उतरली. आठवडाभरात मी रात्री झोपू लागले. मधुमेहाची औषधे, चालणे आणि आहार सुरू झाले. खांदा मात्र त्या वर्षीच्या नवरात्रात पुरता घट्ट होता. मुली-सुनांचा गरबा मी खुर्चीत बसून पाहिला. २०२३ च्या उन्हाळ्यात भिंतीवरची पेन्सिलीची खूण वर सरकू लागली. दिवाळीत मी माझा अंबाडा स्वतः घातला. पाठीमागे डावा हात उजव्याइतका वर आजही जात नाही, पण वजनकाट्यावरचे बाळ मी दोन्ही हातांनी निर्धास्त उचलते. त्या दीड वर्षात मात्र, सहायिका समोर उभी राहिल्याशिवाय बाळ उचलायचे नाही, असा नियम मी दवाखान्यात केला होता. तो आजही तसाच ठेवला आहे.

दोन विनंत्या

मंडळातील डॉक्टर बंधू-भगिनींना विनंती अशी : चाळिशी ओलांडलेल्या प्रत्येक मधुमेही रुग्णाला कोपरे कुशीला लावून हात बाहेर वळवायला सांगा, आणि खांदा जखडलेल्या प्रत्येकाची साखर, व गरजेप्रमाणे थायरॉइड, तपासा. यासाठी यंत्र लागत नाही, एक मिनिट पुरते. आपल्या आरोग्य शिबिरांत रक्तदाबाच्या टेबलाशेजारी हे एक मिनिट जोडता येईल.

आणि आपल्या घरातल्या आई, मावशी, काकू यांना विनंती अशी : ‘वयोमानाने दुखते’ म्हणून गप्प राहू नका. केस विंचरायला नातीला हाक मारावी लागत असेल, पदर सावरताना कळ येत असेल, दोन-तीन आठवड्यांत उतार नसेल, तर दाखवा. खांदा जोराने ओढून घेऊ नका आणि जपून बांधूनही ठेवू नका. निदान झाल्यावर वेळ लागेल, हे मनाशी धरा. पुष्कळदा डॉक्टरांकडून रुग्णाला एवढेच सांगायचे राहून जाते, आणि मग तो तीन महिन्यांत चार ठिकाणी उपचार बदलतो. हा खांदा बहुतांशी सुटतो. त्याला रोज थोडे हलवीत राहणे, साखर ताब्यात ठेवणे आणि वर्ष-दीड वर्षाची तयारी ठेवणे, एवढे आपल्या हाती आहे.